हात सुटू नये म्हणून: युद्ध, पूर, दुष्काळात घर सुटलेल्या मुलांना कसं सांभाळावं

सप्टेंबर १९३९मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनच्या मोठ्या शहरांतून लाखो मुलांना आगगाड्यांत बसवून खेड्यांकडे पाठवलं गेलं. प्रत्येकाच्या कोटाला नावाची चिठ्ठी अडकवलेली होती. २०२२मध्ये युक्रेनमध्ये एका आईने आपल्या लहानग्या मुलीच्या उघड्या पाठीवर पेनाने तिचं नाव आणि घरच्यांचे फोन नंबर लिहिले. तो फोटो जगभर गेला. मधे ऐंशीहून अधिक वर्षं गेली, तरी दोन्ही वेळची धास्ती एकच आहे: चुकामूक झाली तर आपलं लेकरू आपल्याला परत कसं सापडणार?

त्या दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमध्ये मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांचं निरीक्षण असं, की आईजवळ राहून बॉम्बहल्ले सोसलेल्या मुलांपेक्षा, सुरक्षित जागी पण आईविना पाठवलेली मुलं जास्त कोलमडली. मुलाचा पहिला आसरा त्याचं माणूस असतं, छप्पर नंतर येतं. हा लेख त्याच एका गोष्टीभोवती आहे. ताटातूट फक्त बॉम्बमुळे किंवा पुरामुळे होत नाही. बऱ्याचदा ती मदत करणाऱ्यांच्या घाईमुळेही होते, आणि ती आपल्याला टाळता येते.

आकडा लहान नाही. जगातल्या एकूण लोकसंख्येत मुलं सुमारे ३० टक्के, पण जबरदस्तीने घर सोडावं लागलेल्यांत ती सुमारे ४० टक्के आहेत. युनिसेफच्या मोजणीनुसार २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत हवामानाशी निगडित आपत्तींमुळे ४४ देशांत मुलांना ४ कोटी ३१ लाख वेळा घर सोडावं लागलं. म्हणजे दिवसाला सुमारे २० हजार वेळा. त्यातली ९५ टक्के विस्थापनं पूर आणि वादळांमुळे झाली.

पुढचं सगळं लिहिलंय ते स्वयंसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका आणि ज्यांच्या शाळेत किंवा सभागृहात एका रात्रीत दोनशे माणसं येऊन थांबतात अशा सर्वांसाठी.

पायरी १: घर सोडायच्या आधी

धोका दिसू लागला, की सामानाच्या आधी मुलांची तयारी करा. प्रत्येक मुलासाठी एक छोटी चिठ्ठी लिहा. त्यावर मुलाचं पूर्ण नाव, घरी ज्या नावाने हाक मारतात ते नाव, आईवडिलांची नावं, गाव आणि दोन फोन नंबर असावेत. त्यातला एक नंबर धोक्याच्या टापूपासून लांब राहणाऱ्या नातेवाइकाचा हवा, कारण आपत्तीत सगळ्या घराचे फोन एकदमच बंद पडतात. मुलाला दमा, फिट्स किंवा कसली ॲलर्जी असेल, रोजचं औषध असेल, तर तेही लिहा. शाई पाण्याने पसरते. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा, चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घाला आणि कपड्याच्या आतल्या बाजूने शिवून टाका. बाहेर दिसेल अशी लावू नका. नाव वाचून कुणीही अनोळखी माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो, आणि नावाने हाक मारणाऱ्यावर लहान मूल लगेच विश्वास ठेवतं. संघर्षाचा भाग असेल तर चिठ्ठीवर जात, धर्म, पक्ष यांतलं काहीही नको.

चिठ्ठी हरवू शकते, पाठ केलेलं हरवत नाही. स्वतःचं पूर्ण नाव, आईचं आणि वडिलांचं नाव, गाव आणि एक फोन नंबर हे सगळं गाण्याच्या चालीत बसवून चार-पाच वर्षांचं मूल सहज म्हणू लागतं. त्याच्या जोडीला एकच नियम शिकवा: "चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब. मी मागे येऊन तुला शोधीन." मूल आणि आई दोघंही एकमेकांना शोधत फिरू लागली, तर गर्दीत दोघांची गाठ पडणं अवघड होतं.

सगळं कुटुंब एकत्र दिसेल असा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि शक्य असेल तर त्याची छापील प्रतही. पुढे कधी "हे मूल माझंच" हे सिद्ध करायची वेळ आली, तर हा फोटो दहा कागदांचं काम करतो. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही, असं युनिसेफचा २०२४चा अहवाल सांगतो. कागद नसलेल्या मुलाचं वय, पालक, देश सगळंच पुढे वादात सापडतं. म्हणून ज्या भागात पूर किंवा तणाव नेहमीचाच आहे, तिथे जन्मनोंदणीची मोहीम हेसुद्धा बालसंरक्षणाचंच काम आहे.

निघताना कोणतं मूल कोणत्या मोठ्या माणसाकडे, हे नाव घेऊन ठरवा. "सगळ्यांनी सगळ्यांकडे लक्ष ठेवा" म्हटलं, की कुणाचंच कुणाकडे लक्ष राहत नाही.

पायरी २: गाडीत चढताना आणि वाटेत

ट्रक किंवा बोट येते आणि गर्दीतून आवाज उठतो, "आधी मुलांना चढवा!" हेतू चांगला असतो. मुलं हातोहात वर जातात, गाडी भरते, सुटते आणि आई खालीच राहते. गाडी एका छावणीला जाते, दुसरी गाडी आईला घेऊन दुसरीकडेच पोचते. म्हणून गाड्या भरणाऱ्या प्रत्येकाने एवढं मनाशी पक्कं ठेवावं: कुटुंब एकत्र चढेल, नाहीतर एकत्र पुढच्या गाडीची वाट पाहील. जागा मोजताना डोकी मोजू नका, कुटुंबं मोजा. जखमी मुलाला तातडीने न्यावंच लागलं, तर घरचं एक माणूस त्याच्यासोबत बसवा. तेही शक्य नसेल, तर कुठल्या दवाखान्यात नेत आहोत ते कागदावर लिहून एक प्रत घरच्यांच्या हातात द्या आणि दुसरी मुलाच्या अंगावर ठेवा.

तपासणी नाकी, नदीचा उतार, पूल या चुकामुकीच्या जागा. तिथे पोचण्याआधी थांबून मुलं मोजा, ओलांडल्यावर पुन्हा मोजा.

संघर्षाच्या भागात जमिनीवर पडलेली कुठलीही अनोळखी वस्तू मुलांनी उचलू नये. फुलपाखरासारख्या आकाराचे छोटे भूसुरुंग मुलांना खेळणं वाटतात. मुलांना तीन गोष्टी शिकवा: थांब, हात लावू नकोस, मोठ्यांना सांग. पूर आणि युद्ध इथे एकत्र येतात. मे २०१४मध्ये बोस्नियात मोठा पूर आला आणि दरडी कोसळल्या, तेव्हा नव्वदच्या दशकातल्या युद्धात पेरलेले सुरुंग जागचे हलले आणि धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. जी वाट कालपर्यंत निर्धोक होती, ती पुरानंतर तशी राहिलेली नसते.

पायरी ३: दारातली नोंदणी

ही पायरी नीट वाचा. इथे झालेली चूक पुढे वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

छावणीच्या दारात घरच्यांपासून तुटलेली मुलं ओळखू शकेल असं माणूस उभं करा. एकटं आलेलं मूल आणि आईवडिलांपासून तुटलेलं पण मामा, आजी, थोरला भाऊ यांच्यासोबत असलेलं मूल, या दोघांची नोंद वेगळी करायची असते. दुसऱ्याला निदान एक आपलं माणूस आहे. त्या माणसापासून त्याला तोडायचं नाही. भावंडांना तर कधीच वेगळं करायचं नाही, मुलींचा तंबू वेगळा आणि मुलांचा वेगळा या कारणानेही नाही.

"अनाथ मुलांनी इकडे या" अशी घोषणा करू नका. एक तर कोण अनाथ आहे हे पहिल्या आठवड्यात कुणालाच ठाऊक नसतं. दुसरं म्हणजे एकट्या मुलांना वेगळा निवारा आणि बरं खाणं मिळतंय असं दिसलं, की हतबल आईवडील आपलं मूल तिथे नेऊन सोडतात. त्यांना वाटतं, निदान त्याचं तरी पोट भरेल. म्हणजे मदतीनेच नवी ताटातूट घडवली. त्यामुळे मदत नेहमी कुटुंबाला द्या, मुलाला कुटुंबातून बाहेर काढून नव्हे.

आता नोंदणीच्या टेबलापाशी या. चार वर्षांचं मूल समोर उभं आहे. पहिली गोष्ट म्हणजे टेबल सोडा आणि जमिनीवर बसा, म्हणजे तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतील. पाणी द्या, तुमचं नाव सांगा. मग विचारा, "तुझ्या आईचं नाव काय?"

"आई."

यात मुलाचं काही चुकलेलं नाही. त्याच्या जगात तिचं नाव तेच आहे. आता प्रश्न बदला. "शेजारच्या काकू तुझ्या आईला काय म्हणून हाक मारतात?" "आजी बाबांना कशी बोलावते?" "दारातून बाहेर आलं की समोर काय दिसतं?" "पाणी कुठून आणता?" "रात्री झोपताना कसला आवाज येतो?" "दादाच्या शाळेचा शर्ट कुठल्या रंगाचा?" "घरात कुठला प्राणी आहे? त्याचं नाव काय?" गावाचं नाव न सांगता येणारं मूल कुत्र्याचं नाव बरोबर सांगतं, आणि तेवढ्यावरून गावातला माणूस घर ओळखतो. उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. ते "लाल पूल" म्हणालं तर "लाल पूल" असंच लिहा, "लोखंडी पूल असावा" अशी भर नको. बोलण्याची ढब, भाषा, एखादा वेगळा शब्द, अंगावरचे डाग, जन्मखुणा यांची नोंद करा. बोलत नसेल तर कागद आणि खडू द्या. ते काय काढतंय ते पाहा आणि घाई करू नका.

कपडे टाकून देऊ नका. चिखलाने माखलेलं मूल आलं, की पहिली इच्छा होते ती त्याला आंघोळ घालून स्वच्छ कपडे चढवण्याची. त्याआधी आहे तशा अवस्थेत फोटो काढा. मग ते कपडे, पायातली चप्पल, गळ्यातला दोरा, तान्हं असेल तर ज्या फडक्यात गुंडाळलं होतं ते फडकं, सगळं एका पिशवीत भरा आणि त्यावर नोंदणी क्रमांक लिहा. बोलता न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत ते फडकं हाच एकमेव पुरावा असू शकतो. ठिगळाचा टाका आई लांबून ओळखते.

मुलाला घेऊन आलेल्या माणसाला जाऊ देण्याआधी थांबवा. मूल नेमकं कुठे सापडलं, किती वाजता, आसपास कोण होतं, ती माणसं कुठल्या दिशेने गेली? ही माहिती फक्त त्याच्याकडे आहे आणि तासाभराने तो गर्दीत दिसेनासा होईल. त्याचा फोन नंबर घ्या. मूल जिथे सापडलं तिथेच लगेच शोध घ्या. बऱ्याच वेळा आई पाचशे पावलांवर टाहो फोडत असते.

ध्वनिक्षेपकावरून हाक द्यायची असेल तर मुलाचं वर्णन सांगू नका. "एक लहान मूल सापडलं आहे, ज्यांचं मूल चुकलं असेल त्यांनी इथे यावं," एवढंच सांगा आणि वर्णन आलेल्या माणसाकडून ऐका. कपडे कुठले होते, कानामागे काय खूण आहे, झोपताना काय लागतं? उत्तरं जुळली की मग भेट घालून द्या आणि मुलाकडे पाहा. ते झेपावतं की मागे सरतं? मुलाला विचारल्याशिवाय ताबा देऊ नका, आणि कुणाकडे, कोणत्या पुराव्यावर सोपवलं ते सहीनिशी लिहून ठेवा.

पालक सापडले नाहीत तर लगेच रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंटच्या शोधसेवेला कळवा. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धापासून हरवलेल्यांची माहिती जुळवण्याचं काम ही चळवळ करत आली आहे, आणि ही सेवा मोफत आहे. रवांडात १९९४च्या नरसंहारानंतर एक लाखाहून जास्त मुलं घरच्यांपासून तुटली होती. स्वतःचं नावही न सांगता येणाऱ्या चिमुकल्यांचे फोटो तिथे फलकांवर लावले गेले आणि त्यावरून घरच्यांनी त्यांना ओळखलं. पण असे फोटो प्रशिक्षित यंत्रणेनेच लावावेत. तुम्ही हौसेने सोशल मीडियावर टाकलेला "याला ओळखता का?" हा फोटो मुलाचा चेहरा आणि ठिकाण कुणाच्याही हाती देतो. मला ठाऊक आहे, तो फोटो टाकण्याचा मोह फार होतो. तरीही टाकू नका.

पायरी ४: आजची रात्र कुणाकडे?

शोध चालू असेपर्यंत मुलाला राहायला घर हवं, अनाथालय नव्हे. क्रम असा ठेवा: नातेवाईक, मग ओळखीचे शेजारी, मग त्याच भाषेचं आणि त्याच गावाकडचं एखादं कुटुंब. निवड एकट्याच्या डोक्याने नको; गावातल्या दोन-तीन जाणत्या बायकांना विचारा. कोण मुलांना मारतं, कोण कामाला जुंपतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. ज्या घरी ठेवाल तिथे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जाऊन या आणि मुलाशी बाजूला बसून बोला. ते घरातल्या इतर मुलांबरोबर जेवतं का? दिवसभर पाणीच भरतं का? मदत त्या एका मुलाच्या नावाने पैसे देऊन करू नका, सगळ्या घराचं रेशन वाढवा.

मोठी बहीण धाकट्यांना घेऊन राहत असेल तर तिला रेशन कार्ड तिच्याच नावाने द्या आणि रोज तिच्याकडे डोकावणारं एक मोठं माणूस नेमा. तेवढ्यावर हे घर टिकतं.

दत्तक देण्याघेण्याचा विषय या काळात काढायचाच नाही. आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगतात, की पालकांचा शोध घ्यायला वाजवी काळ, साधारणपणे किमान दोन वर्षं द्यावी. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला. त्यानंतर काही दिवसांतच परदेशी मंडळींचा एक गट ३३ मुलांना "अनाथ" म्हणून सीमेपार नेत असताना पकडला गेला. चौकशीत कळलं, की बहुतेकांचे आईवडील हयात होते. बऱ्या आयुष्याच्या आशेने त्यांनीच मुलं दिली होती. त्याआधी २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचे प्रांतातल्या मुलांना बाहेर नेण्यावर बंदी घातली होती. ती योग्यच होती. कुणी गाडी घेऊन आलं आणि "आमच्याकडे चांगली सोय आहे, वीस मुलं द्या" म्हणालं, तर उत्तर एकच: नाही. मग तो माणूस कितीही सज्जन दिसो.

पायरी ५: छावणी मुलाच्या उंचीवरून पाहा

अंधार पडल्यावर तंबूपासून शौचालयापर्यंत स्वतः चालत जा, आणि मधे एकदा खाली बसून पाहा. आठ वर्षांच्या मुलीला तिथून काय दिसतं? कुठे दिवा नाही, कुठे टोळकं बसतं, कुठल्या दाराला आतून कडी नाही? या एका फेरीतून जे कळतं ते आठ बैठकांतून कळत नाही. मदतकार्याची सर्वमान्य स्फिअर मानकं सांगतात, की २० माणसांमागे एक शौचालय, दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत हवी. शौचालयं पुरुषांची आणि बायकांची वेगळी हवीत. लहान मुलांना मोठ्या खड्ड्याची भीती वाटते आणि ती उघड्यावर बसतात. त्यांच्यासाठी लहान भोकाची, उजेडाची जागा करा.

मदत करणाऱ्यांतही वाईट माणसं असतात, हे गृहीत धरून नियम करा. बंद दाराआड मुलासोबत कुणीही एकटं बसणार नाही. धान्य, ब्लँकेट किंवा कार्डाच्या बदल्यात कुणी काहीही मागणार नाही. तक्रार कुणाकडे करायची हे चित्रांसह भिंतीवर लावा, आणि ऐकून घेणाऱ्यांत एक बाई हवीच. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर खोदून विचारू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा आणि त्याच दिवशी आरोग्यसेवेपर्यंत आणि बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत पोचवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

पायरी ६: अंगाची काळजी, थोडक्यात

दाटीवाटीच्या छावणीत गोवर वणव्यासारखा पसरतो. म्हणून ६ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांना गोवराची लस हे सगळ्यात आधीच्या कामांपैकी एक आहे. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मापपट्टीने मोजा. तो ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे. त्याच दिवशी उपचार केंद्रात न्या. जुलाब लागले तर ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ जास्त नको.

एका गोष्टीत मात्र ठाम राहा: दुधाच्या पावडरीचे डबे वाटू नका. पाणी गढूळ, बाटली उकळायला इंधन नाही, अशा वेळी तो डबा बाळाला आजारी पाडतो. २००६मध्ये योग्याकार्ताच्या भूकंपानंतर केलेल्या पाहणीत, दान आलेली पावडर मिळालेल्या बालकांत जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आढळलं. धसक्याने आईचं दूध कायमचं आटत नाही. पान्हा थोडा उशिरा फुटतो एवढंच. तिला आडोसा, पाणी, जेवण आणि बसायला जागा द्या, बाळाला वरचेवर पाजू द्या. ज्या बाळाला आईच नाही, त्याच्यासाठी पावडर लागेलच, पण ती आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली.

पायरी ७: मन

"काय झालं ते सांग" असं मुलाला विचारू नका. वार्ताहरालाही विचारू देऊ नका. एकदाच बसवून सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं, हा समज चुकीचा आहे; जागतिक आरोग्य संघटना तशी पद्धत वापरू नये असंच सांगते. ते स्वतःहून बोललं तर ऐका. गप्प बसलं तर शेजारी बसा.

अंथरूण ओलं करणं, पदर न सोडणं, अंगठा चोखणं, दचकून उठणं, चिडणं हे सगळं पहिल्या आठवड्यांत स्वाभाविक आहे. रागावू नका, आईला रागावू देऊ नका. बॉम्ब पडण्याचा किंवा घर वाहून जाण्याचा खेळ मुलं पुन्हा पुन्हा खेळतात. त्यात कुणाला इजा होत नसेल तर खेळू द्या. मुलाला सावरणारी गोष्ट म्हणजे दिवसाची घडी: ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी खेळ, झोपताना तेच माणूस, तीच गोष्ट. आठवडे उलटूनही मूल खात नसेल, बोलत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर मात्र तज्ज्ञाकडे न्या.

घरातलं माणूस गेलं असेल तर खरं सांगा. मुलाच्या ओळखीच्या माणसाने, मांडीवर घेऊन, साध्या शब्दांत: "बाबा वारले. आता ते परत येणार नाहीत. मी तुझ्याजवळ आहे." "बाबा झोपलेत" म्हणाल, तर त्याला झोपेचीच भीती बसेल. "गावाला गेलेत" म्हणाल, तर ते रोज दारात बसून वाट पाहील, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तुमच्यावरचाही विश्वास जाईल.

शाळा लवकर सुरू करा. झाडाखाली दोन तास चालली तरी चालेल, ती मनाचंही औषध आहे. आसरा म्हणून शाळेची इमारत घेतली असेल तर ती कधी रिकामी करणार ते पहिल्याच आठवड्यात ठरवा. सैन्याला किंवा सशस्त्र गटांना शाळा वापरू देऊ नये, असं वचन २०१५च्या सुरक्षित शाळा जाहीरनाम्यात अनेक देशांनी दिलं आहे. स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलताना त्याचा दाखला द्या.

पायरी ८: तेरा ते सतरा

लहानग्यांभोवती सगळे जमतात आणि मिसरूड फुटलेल्या मुलाकडे कुणी बघत नाही. नेमकं त्यालाच सशस्त्र गट, मुकादम आणि दलाल हेरतात. १९८९च्या बालहक्क करारानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे. सशस्त्र गटांनी १८ वर्षांखालच्या कुणालाही भरती करू नये, असं त्याच्या २०००च्या पूरक करारात म्हटलं आहे. भरती म्हणजे फक्त बंदूक नव्हे; स्वयंपाकी, हमाल, निरोप्या म्हणून नेलेली मुलं, आणि मुलीही, त्यात येतात. अशा गटातून सुटून आलेलं मूल गुन्हेगार म्हणून नव्हे, तर आधी बळी म्हणून वागवावं, हे बालसैनिकांविषयीच्या २००७च्या पॅरिस तत्त्वांचं सार आहे.

मुलींच्या बाबतीत लग्नाची घाई होते. आईवडिलांना वाटतं, तंबूत मुलगी सुरक्षित नाही, लग्न केलं की जबाबदारी सुटेल. त्यांना कायद्याचा धाक घालण्याआधी त्यांची भीती ऐका. दिवा नाही म्हणून भीती असेल तर दिवा लावा. खायला नाही म्हणून असेल तर रेशन बघा. मग आरोग्याचं आणि कायद्याचं बोला. आणि या वयातल्या मुलामुलींना काम द्या: नोंदणीत मदत, धाकट्यांची शाळा, पाण्याच्या रांगेची व्यवस्था. ज्याची आज कुणाला तरी गरज आहे, तो दलालाच्या गाडीत सहजासहजी बसत नाही.

पायरी ९: जिथे छावणीच नसते

दुष्काळ, खारावलेली शेती, दरवर्षीचा पूर यांत मुलं हळूहळू उखडली जातात. आधी बाप कामासाठी जातो, मग आई, मुलं आजीकडे राहतात. पुढच्या वर्षी मोठा मुलगाही शाळा सोडून जातो. कुठे तंबू नाही, कुठे नोंद नाही, पण ताटातूट तीच. इथे शिक्षकाचा हजेरीपट हाच इशारा असतो. सलग आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जा आणि कुटुंब निघणार असेल तर शाळेचा दाखला व लसीकरणाची नोंद त्यांच्या हाती द्या. आई मूल मागे ठेवणार असेल, तर तिचा नंबर आणि बोलायची ठरलेली वेळ लिहून घ्या. पूर दरवर्षीचा असेल तर पायरी १मधल्या चिठ्ठ्या पावसाळ्याआधी वर्गातच करून घ्या, आणि निवाऱ्यापर्यंत चालत जाण्याचा सराव मुलांकडूनच करवून घ्या.

त्यांना कमी लेखू नका. २००४च्या त्सुनामीत थायलंडच्या एका किनाऱ्यावर दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने समुद्राचं वागणं पाहून धोका ओळखला, कारण दोनच आठवड्यांपूर्वी ती ते भूगोलाच्या तासाला शिकली होती. तिने आरडाओरडा केला, किनारा रिकामा झाला आणि माणसं वाचली.

पायरी १०: भेट झाल्यानंतर

पालक सापडले, मिठी झाली, तरी काम संपलेलं नसतं. दीड वर्षाच्या बाळाला आठ महिन्यांनी भेटलेली आई परकी वाटते. ते सांभाळणाऱ्या बाईच्या पदराआड लपतं, तिलाच आई म्हणतं, आणि खऱ्या आईचं काळीज तुटतं. तिला आधीच सांगून ठेवा, की असं होईल आणि हळूहळू निवळेल. शक्य असेल तर दोघी बायकांना काही दिवस जवळजवळ राहू द्या, म्हणजे बाळाचा एक हात सुटायच्या आधी दुसरा धरला जाईल. ज्या घराने सांभाळलं त्यांचा निरोप नीट घेऊ द्या. त्यांच्याही जिवाला लागतं.

पहिल्या आठवड्यात, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी घरी जाऊन या. मूल शाळेत जातंय का, वजन भरतंय का, घरात त्याला मार बसतो का ते बघा. मगच नोंदवहीतलं त्याचं पान बंद करा. आणि त्या दिवशी क्रमांक घातलेली ती पिशवी, चिखलाच्या कपड्यांसकट, न धुता आईच्या हाती परत द्या. धुवायचे की तसेच जपून ठेवायचे, ते ती ठरवेल.